फिजिक्सच्या वर्गात बंडूशेजारी एक वर्ष

इंग्लंडमध्ये फिजिक्सची टीचर व्हायचंय तर ट्रेनिंगच्या आधी टीए (टीचिंग असिस्टंट) म्हणून काम करावं का, असं मला गेल्या काही महिन्यांत चार-पाच जणींनी विचारलं. बहुतेक सगळ्या माझ्यासारख्याच, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, एमेस्सी नाहीतर बीई झालेल्या, मधे मुलांमुळे गॅप पडलेल्या. प्रत्येकीला फोनवर तासभर तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकते. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझं थोडक्यात. दहावीपर्यंत मराठी मिडियम, सांगली जिल्हा. एमेस्सी फिजिक्स कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात. त्यानंतर दोन वर्षं एका ज्युनिअर कॉलेजात सीएचबीवर (तासांच्या हिशेबाने पैसे) बारावीला शिकवलं, वर्गात ऐंशी-नव्वद पोरं, फळा भरायचा, पुसायचा, परत भरायचा, पोरं उतरवून घेणार, बेल झाली की डस्टर झटकून बाहेर. पोरांना मार्कही चांगले पडायचे (क्लासमुळे पडायचे हे आता कळतंय). त्यामुळे शिकवता येतं हा माझा ठाम समज होता, आणि इकडे आल्यावर मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी डायरेक्ट पीजीसीईचाच, म्हणजे टीचर ट्रेनिंगचाच, फॉर्म भरायला निघाले होते.

फिजिक्सच्या लोकांना इथे मागणी प्रचंड आहे. २०२२-२३ आणि २०२३-२४ ह्या दोन्ही वर्षी सरकारने ठरवलेल्या आकड्याच्या जेमतेम १७ टक्के लोक फिजिक्सच्या ट्रेनिंगला आले. म्हणून बर्सरीही, म्हणजे ट्रेनिंग घेताना सरकार देतं ते पैसे, तगडी, मी गेले त्या २०२४-२५ च्या बॅचला २८ हजार पौंड, वर टॅक्स नाही. मग मला वाटलं आपल्याला काय, हातोहात घेतील. एका युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला गेले तर तिथल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, इथल्या शाळेच्या वर्गात तू शेवटची कधी बसलीस? कधीच नाही. मुलीच्या पॅरेंट्स इव्हिनिंगला दहा मिनिटं, तेही लहान मुलांच्या खुर्चीत. त्या म्हणाल्या एक वर्ष बसून बघ, मग ये.

म्हणून टीए. टीचिंग असिस्टंट, म्हणजे वर्गात शिक्षक शिकवत असताना ज्या मुलांना मदत लागते त्यांच्या शेजारी बसणारा माणूस. जाहिरातीत पगार बावीस हजार होता पण खाली बारीक अक्षरात प्रो राटा, टर्म टाइम ओन्ली. म्हणजे शाळा चालू असते ते वर्षाचे ३९ आठवडे आणि दिवसाचे साडेसहा तास धरून हिशेब, तोच पगार बारा महिन्यांत पसरून देतात. हातात महिन्याला साडेबाराशेच्या आसपास पडायचे. हे आधीच सांगते कारण ह्या पैशात घर चालणार नाही, नवऱ्याचा पगार होता म्हणून मला परवडलं.

इंटरव्ह्यूला तिघंजण, आणि फिजिक्सचा एकही प्रश्न नाही! पहिलाच प्रश्न, एखादं मूल म्हणालं की मिस तुम्हाला एक गोष्ट सांगतो पण कुणाला सांगू नका, तर काय कराल? मी आपली घरच्यासारखी, म्हटलं आधी विश्वासात घेईन, नाही सांगणार म्हणेन, आणि मग त्याच्या आईवडिलांना फोन करीन. समोरच्या बाईंचं पेन थांबलं. दोन्ही उत्तरं चूक. गुपित ठेवीन असं कबूलच करायचं नसतं, कारण ऐकलेलं त्याच दिवशी शाळेच्या सेफगार्डिंगच्या माणसाला सांगावंच लागतं, आणि आईवडिलांना तर परस्पर अजिबात फोन करायचा नाही, काय माहीत त्रास घरातूनच होत असेल. आपल्याकडे घरून त्रास हा विचार शिक्षकाच्या डोक्यात सगळ्यात शेवटी येतो, इथे पहिल्यांदा येतो. मी सरळ म्हटलं, माझं चुकलेलं दिसतंय, बरोबर काय ते सांगाल का. घेतलं त्यांनी. ह्यामुळे घेतलं की दुसरं कुणी आलंच नव्हतं देव जाणे. मग डीबीएस म्हणजे पोलिसांचं वगैरे चेकिंग, भारतातले रेफरन्स, 'कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन' ह्या सरकारी पुस्तिकेचा पहिला भाग वाचून सही, आणि सप्टेंबर २०२३ ला गळ्यात लॅनयार्ड अडकवून हजर.

फिजिक्सची पदवी बघून मला जास्त करून सायन्सच्या वर्गांना लावलं आणि त्यातही इयर टेनच्या (चौदा-पंधरा वर्षांची मुलं) एका मुलाला. खरं नाव सांगता येणार नाही, त्याला आपण बंडू म्हणू. तांबूस केस, चेहऱ्यावर ठिपके, शर्ट कायम बाहेर, आणि नाव बंडू, चालवून घ्या. बंडूचं ईएचसीपी होतं, म्हणजे ह्या मुलाला कुठली मदत मिळायलाच पाहिजे असा कौन्सिलचा कायदेशीर कागद. वाचन हळू, आणि एका वेळी दोन सूचना डोक्यात राहायच्या नाहीत. पुस्तक उघड, तारीख घाल आणि तिसरं गणित कर म्हटलं की पुस्तक उघडून हा बाहेर कबुतर बघत बसणार. बाकी पोरगं हुशार. फुटबॉलच्या वीस वर्षांपूर्वीच्या मॅचचा स्कोअर विचारा, सांगेल.

पहिल्या दिवशीचं आठवतंय ते म्हणजे वर्गात आज काय आहे ते मला माहीतच नव्हतं. कुणी सांगितलंच नाही. टीएला पाठाचा प्लॅन आधी मिळावा असं सगळ्या पॉलिसीत लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात तुम्ही मुलांबरोबरच दारातून आत शिरता आणि मुलांबरोबरच फळ्यावर वाचता की अच्छा, आज सिरीज सर्किट. एकदा एका टीचरचा प्लॅन माझ्या हाती लागला, त्यात टीएचा वेगळा रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं, सपोर्ट बंडू. झालं. मी त्यावरून स्टाफरूममध्ये महिनाभर कुरकुर केली. माझी कुरकुर लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरी गंमत उच्चारांची. मराठीत आपल्याला व एकच. इथे वेव्ह आणि व्होल्ट हे दोन वेगळे व आहेत आणि फिजिक्समध्ये नेमके दोन्ही पावलोपावली, वेव्ह, वेट, वॉट, व्होल्टेज, व्हेलॉसिटी. माझं सगळं एकाच सुरात. आठवडाभर मागच्या बाकावरून माझी नक्कल ऐकू यायची. बंडूनेच एकदा माझ्याकडे वळून गंभीरपणे सांगितलं, मिस, व्होल्टला खालचा ओठ चावायचा, वॉटला शिट्टी मारल्यासारखं तोंड करायचं. त्याला लहानपणी स्पीच थेरपी झालेली, त्याला हे सगळं शास्त्रशुद्ध माहीत. मी घरी आरशासमोर प्रॅक्टिस केली. मुलगी हसून हसून लोळली.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिले पाच-सहा आठवडे मी बंडूला जीव तोडून शिकवलं. शेजारी बसायचं आणि बाई (म्हणजे वर्गाच्या टीचर, तिशीतल्या, डिग्री बायॉलॉजीची पण शाळेत माणूस नाही म्हणून फिजिक्स घेणाऱ्या) एक वाक्य बोलल्या की मी हळू आवाजात त्याची चार वाक्यं करून त्याच्या कानात. गणित आलं की मी त्याच्या वहीच्या कडेला पेन्सिलीने मांडून द्यायची, तो त्यावरून पेन फिरवायचा. वही सुंदर दिसायला लागली. मला वाटलं पोरगं सुधारतंय. आणि एक दिवस बाईंनी तपासलेल्या वह्या वाटल्या, तर बंडूच्या वहीत बारा व्होल्ट, दोन अँपिअर, रेझिस्टन्स काढा ह्या गणितापाशी लाल पेनाने नाही, हिरव्या पेनाने लिहिलेलं, सुरेख काम, आता बंडूचं बघायला आवडेल.

मी म्हटलं हिला कळलं कसं. तास संपल्यावर तिने मला वही दाखवली. सगळा वर्ग गणितं फीफा पद्धतीने करायचा, फॉर्म्युला, इन्सर्ट, फाइन-ट्यून, आन्सर, इथे बऱ्याच शाळांत असं शिकवतात. आणि बंडूच्या वहीत होतं, गिव्हन, टू फाइंड, फॉर्म्युला, सोल्यूशन. शेवटी उत्तराखाली दोन रेघा. आपला महाराष्ट्र बोर्डाचा दहावीचा पेपर, जशाच्या तसा, तांबड्या केसांच्या मुलाच्या वहीत! मला हसू पण आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं पण झालं. बाई काही रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, तू नसतेस त्या दिवशी तो काय करतो ते माहितेय का? काहीच करत नाही. तुझी वाट बघतो.

ऑक्टोबरच्या सुट्टीनंतरच्या इन्सेट डेला (मुलांना सुट्टी, स्टाफचं ट्रेनिंग) आमच्या सेन्कोने, म्हणजे स्पेशल नीड्सवाल्या बाईंनी, टीए लोकांचं ट्रेनिंग घेतलं. त्यात कळलं की ही फक्त माझी फजिती नव्हती. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या लोकांनी २००३ पासून काही वर्षं मोठा अभ्यास केलेला, डिस प्रोजेक्ट म्हणतात त्याला, आणि त्यात असं निघालं की ज्या मुलांना टीएची मदत जास्त मिळाली त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. चूक टीएची असं नाही, वापरायची पद्धत चुकीची, टीएला आधी काही सांगायचं नाही आणि मग मूल टीएवर सोडून द्यायचं, शिक्षक त्या मुलाकडे बघतच नाही आणि टीएचं सगळं लक्ष एकदाचं काम पुरं करण्यावर. हे ऐकताना खोलीतल्या पंधरा बायका माना खाली घालून बसलेल्या. मग एक पायऱ्यांचा तक्ता दिला. आधी काहीच करायचं नाही, थांबायचं, मूल स्वतः धडपडू दे. मग नुसतं टोकायचं, आता पुढे काय असं. मग एखादा धागा द्यायचा. मग करून दाखवायचं, पण दुसऱ्या गणितावर. आणि अगदीच शेवटी उत्तर. मी रोज शेवटच्या पायरीवरून सुरुवात करत होते.

थांबायचं हे वाचायला सोपं आहे. तुम्हाला उत्तर माहितेय, मुलाच्या पेनाची टोपी चावून चावून चपटी झालीय, वर्ग पुढे चाललाय, आणि तुम्ही गप बसायचं. मी मनात दहा आकडे मोजायची. मग वीस. पुढे पुढे पेन्सिल वर्गात न्यायचीच बंद केली, कारण हातात असली की हात चालतोच. पहिले तीन आठवडे भयंकर गेले. बंडूने वहीत काही लिहिलं नाही आणि एकदा माझ्यावर चिडून स्टूल ढकलून बाहेर गेला, मिस तुम्ही आता मदतच करत नाही म्हणून. घरी येऊन रडले मी त्या दिवशी. नवरा म्हणाला सोड ना मग. पण फॉर्म भरलेला होता तोवर.

आणि मग दोरीचा तास. हा मी आयुष्यात विसरणार नाही. आपल्याकडे मला सर्किट शिकवलं गेलं ते व्याख्येने, विद्युतधारा म्हणजे एकक काळात वाहणारा विद्युतप्रभार, पाठ, पाच वेळा लिहून. इथे बाईंनी काय केलं, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लांबलचक दोरी आणली, दोन्ही टोकं एकत्र बांधून मोठ्ठं कडं केलं, आणि पंधरा पोरं गोल उभी करून प्रत्येकाच्या हातातून ती सैल फिरवली. एक मुलगी बॅटरी, ती दोरी ओढून पुढे सरकवणार. बाकीच्यांनी बोटांचं नुसतं कडं करायचं. आणि बंडूला सांगितलं तू बल्ब, तू जरा घट्ट धर. दोरी फिरायला लागली. दोन मिनिटांत बंडू ओरडला, मिस, हात गरम झाला! बाईंनी विचारलं दोरी तुझ्यापाशी संपली का? नाही. तुझ्या पुढच्याकडे हळू जातेय का? त्याने पुढच्या मुलाच्या हाताकडे बघितलं, मागच्याच्या बघितलं. सारखीच.

तोवर बंडूच काय, अर्ध्या वर्गाचं मत होतं की करंट बल्बमध्ये खर्च होतो आणि पुढे कमी उरतो. मी त्याला हे सहा आठवडे कानात सांगत होते की खर्च होत नाही, होत नाही. त्याने ऐकून मान डोलावली होती आणि मनातलं मनात ठेवलं होतं. मला तरी हे कळलं होतं का कधी? मी कर्चहॉफचे नियम लावून वाट्टेल ते सर्किट सोडवायची, पण बारावीच्या एकाही पोराला मी कधी विचारलं नाही की बल्बच्या पलीकडे करंट किती असेल असं तुला वाटतं. विचारलं असतं तर काय काय निघालं असतं कोण जाणे.

पुढच्या तासाला पॅरलल सर्किट. बंडूने विचारलं, करंटला कसं कळतं कुठल्या फाट्याला किती जायचं? एमेस्सी असून मला त्या क्षणी ह्याचं चौदा वर्षांच्या मुलाला सांगता येईल असं उत्तर सुचलं नाही. जुनी मी असते तर व्ही बाय आर तोंडावर फेकलं असतं. मी म्हटलं, माहीत नाही रे, तुला काय वाटतं, आणि गप बसले. बराच वेळ गेला, तो परत कबुतरं बघायला लागला असं वाटलं मला. मग म्हणाला, दोन दोऱ्या लागतील ना? बॅटरी तीच. तिला दोन्ही ओढायला लागतील. मी त्याला म्हटलं हात वर कर आणि बाईंना सांग. त्याने आधी कधीच हात वर केला नव्हता, दोन वेळा अर्धा वर नेऊन खाली घेतला. शेवटी सांगितलं. बाईंनी दुसरी दोरी नव्हती म्हणून दोन स्कार्फ आणि कुणाच्या तरी हुडीची नाडी बांधून दुसरं कडं केलं आणि बॅटरीवाली मुलगी तक्रार करायला लागली की आता दुप्पट काम. करंटला कसं कळतं ह्याचं ते पूर्ण उत्तर नव्हेच, पण बॅटरीतून निघणारा करंट दोन्ही फाट्यांची बेरीज असतो हे त्या वर्गात परत कुणाला सांगावं लागलं नाही.

सगळं असं गोड नव्हतं. मल्टिमीटरचं प्रकरण ऐका. तारेची लांबी बदलून रेझिस्टन्स मोजायचा प्रयोग, मीटरपट्टीवर तार चिकटवलेली आणि क्रोकोडाइल क्लिप पुढे सरकवत न्यायची. कोल्हापूरला आमची कनेक्शन लॅबमधले मामा करून ठेवायचे, आपण फक्त की लावून रीडिंग घ्यायचं, आणि उशीर झाला तर मागच्या बॅचच्या जर्नलमधून. त्यामुळे खरं सांगायचं तर डिजिटल मल्टिमीटरला मी स्वतःच्या हाताने तारा जोडल्या त्या पहिल्यांदा ह्या वर्गात. एका ग्रुपचा आकडा येईना म्हणून मी आत्मविश्वासाने मीटर अँपिअरवरच ठेवून प्रोब बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावून दिला. म्हणजे अँमीटर पॅरलल. आतला फ्यूज गेला. मला वाटलं मीटरच खराब, दुसरा आणला, तोही गेला. शेजारच्या ग्रुपने माझं बघून तसंच केलं. चार फ्यूज. ट्रॉली परत न्यायला आलेला लॅब टेक्निशियन, साठीचा गृहस्थ, काही बोलला नाही, फक्त चारही मीटर कानाशी हलवून माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी ब्रेकला मी त्याच्या खोलीत गेले आणि म्हटलं शिकवा मला. त्यानंतर दर गुरुवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास. कुठल्या भोकात लाल वायर, कुठल्या रेंजवर आधी, मोजून झालं की लगेच स्विच बंद नाहीतर तार तापून रेझिस्टन्सच बदलतो, कुठला पॉवर पॅक लहरी आहे. ट्रेनिंगला जायच्या आधी मी जे काही शिकले त्यात ह्या गुरुवारांचा नंबर फार वरचा. टीए झालात तर टेक्निशियनशी मैत्री करा, बिस्किटं न्या.

नंतर फेब्रुवारीत स्पेसिफिक हीटचा प्रयोग, एक किलोचा अॅल्युमिनियमचा ठोकळा, त्याला दोन भोकं, एकात हीटर, एकात थर्मामीटर आणि थेंबभर पाणी. पन्नास वॉटचा हीटर दहा मिनिटं म्हणजे ३०,००० ज्यूल, तापमान १८ वरून ४५. बंडूने भागाकार केला, १,१११ आलं. पुस्तकात ९००. त्याने सरळ ४५ खोडून ५१ लिहिलं! मला एकदम माझं जर्नल आठवलं, त्यात गुरुत्वाकर्षणाच्या जी ची किंमत कायम ९.८ यायची, कोल्हापुरात, कुठल्याही पेंड्युलमला, कुठल्याही बॅचला. मला रागावता येईना. मी फक्त म्हटलं ठोकळ्याला हात लावून बघ. लावला. गरम. मग वर हवेत हात धर. त्याने धरला आणि बघत राहिला, मग ५१ खोडून परत ४५ केलं आणि खाली लिहिलं, काही उष्णता हवेत गेली पण आम्ही सगळी ठोकळ्याची धरली. स्पेलिंग सगळी चुकलेली. पण परीक्षेत मार्क ह्याच वाक्याला असतात, ९०० ला नाही.

टीएला परीक्षेत रीडर म्हणूनही बसवतात. वाचायला त्रास होणाऱ्या मुलांना वेगळी खोली, पंचवीस टक्के जास्त वेळ, आणि प्रश्न वाचून दाखवायला एक माणूस. फक्त वाचायचा. अर्थ सांगायचा नाही, जोर द्यायचा नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. इयर इलेव्हनच्या एका मुलीला, तिला ठमी म्हणू, मी मॉकला वाचून दाखवत होते. पेपरबरोबर फॉर्म्युला शीट मिळते हल्ली, कोविडनंतर चालू झालं ते, त्यामुळे सूत्र पाठ नसलं तरी चालतं. ठमीचं बोट 'कॉन्स्टंट' शब्दावर थांबलं. कॉन्स्टंट स्पीड. मिस हे परत वाचा. वाचलं. परत वाचा. वाचलं. तिला तो शब्दच माहीत नव्हता, फिजिक्स माहीत होतं! आदल्या आठवड्यात तिने मला सायकलचं उदाहरण देऊन समजावलेलं की वेग बदलत नसेल तर बळं सारखी असतात. मी मांडीखाली हात दाबून बसले होते. तिसऱ्यांदा वाचल्यावर तिने प्रश्न सोडून दिला, चार मार्कांचा. त्या दिवसापासून मी प्रत्येक पाठातले असे शब्द वेगळे काढायला लागले, फिजिक्सचे नव्हेत, साधेच, कॉन्स्टंट, युनिफॉर्म, नेग्लिजिबल, रिझल्टंट. मी मराठी मिडियमची असल्याने हे मला जरा लवकर दिसलं असेल. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी मीपण अशीच बोट ठेवून बसायची.

फॉर्मचं पण सांगते, बऱ्याच जणींचे प्रश्न तिथेच असतात. ऑक्टोबरमध्ये सरकारच्या साइटवर अर्ज सुरू होतात, एका वेळी चार ठिकाणी करता येतो. आपल्या डिग्रीसाठी एनिक नावाच्या संस्थेचं पत्र लागतं, की ही इथल्या कशाच्या बरोबरीची. इंग्लिश आणि मॅथ्सचं जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) नाहीतर त्याच्या तोडीचं काही दाखवावं लागतं, माझ्या दहावीच्या मार्कशीटवर त्यांचं समाधान होईना म्हणून मी इंग्लिशची इक्विव्हॅलन्सी परीक्षा दिली, पैसे भरून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. पर्सनल स्टेटमेंटचा पहिला ड्राफ्ट मी असा लिहिला होता की मला लहानपणापासून विज्ञानाची आवड. बाईंनी वाचून परत दिला आणि म्हणाल्या हे सगळेच लिहितात, फ्यूजचं लिही. लिहिलं. जानेवारीतल्या इंटरव्ह्यूला त्यावरच वीस मिनिटं बोलणं झालं. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सची स्कॉलरशिप ३० हजार होती, ती नाही मिळाली. बर्सरी मिळाली.

जुलैत शेवटच्या दिवशी बंडूने मला काही दिलं-बिलं नाही. सिनेमात देतात. त्याला त्या दिवशी डिटेन्शन होतं. जाताना म्हणाला, सी या मिस, आणि मग वळून, व्होल्ट म्हणा. म्हटलं. म्हणाला, ओके.

सप्टेंबरला पीजीसीई सुरू, आणि ऑक्टोबरात दुसऱ्या एका शाळेत माझा पहिला पूर्ण तास, इयर एट, सिरीज सर्किट. मी रात्री एकपर्यंत जागून प्लॅन केला, स्वतःच्या पैशाने दोरी आणली, दोन आणल्या. तास बरा झाला, पोरं दोरीत अडकून पडली नाहीत एवढंही पुष्कळ. बेल झाल्यावर मागच्या बाकावरून एक बाई उठून आल्या, वर्गातल्या टीए, एका मुलीबरोबर तासभर बसलेल्या. म्हणाल्या, छान झालं, फक्त उद्या काय घेणार आहेस ते आज सांगशील का? मी त्यांना सकाळपासून एक शब्द सांगितला नव्हता. नावही विचारलं नव्हतं. हातातल्या प्लॅनकडे बघितलं, टीएच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, सपोर्ट.

माझा पुढचा तास होता पण मी बॅग खाली ठेवली आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांना दुसऱ्या दिवशीचा अँमीटरचा पाठ सांगितला. त्यांनी लॅनयार्डच्या मागून छोटी वही काढली आणि विचारलं, लाल वायर कुठल्या भोकात? मागच्या वर्षी मी चार फ्यूज उडवलेत.